शेवटचा हात

रविवारी सकाळी मास्तरणीने जेवणाच्या टेबलावर एक किल्ली ठेवली आणि ती गप्प बसून राहिली. स्वतः गप्प बसून समोरच्याला बोलतं करायची तिची ही युक्ती वर्गात हमखास चालते. घरात मात्र सगळेच गप्प बसण्यात तिच्याहून तरबेज, त्यामुळे चहा संपला तरी किल्लीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तसं त्या दिवशी ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोमवारी मास्तरणीच्या वडिलांची, म्हणजे मोठ्यांची, केमोची चौथी आणि शेवटची फेरी सुरू व्हायची होती. त्यांना दवाखान्यात न्यायला त्यांचा मुलगा, साहेब, आदल्या संध्याकाळच्या गाडीने आला होता. मास्तरीण ही साहेबाची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, ती दर रविवारी सकाळच्या चहाला येतेच. धाकटे, म्हणजे मोठ्यांचे भाऊ आणि कुलूप-किल्ल्यांच्या कारखान्यातले भागीदार, खालच्या मजल्यावर कुलपांच्या संगतीत एकटे राहतात आणि जेवायला वर येतात. आणि वहिनी. त्या मोठ्यांची बायको, पण धाकट्यांनी चाळीस वर्षं ‘वहिनी, वहिनी’ केल्यामुळे गिऱ्हाइकांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनीच झाल्या होत्या. स्वतः मोठे आतल्या खोलीत दार लोटून पडले होते.

किल्ली मास्तरणीच्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटाची होती. तीन आठवड्यांपूर्वी कपाटाचं कुलूप तिनेच खाली कारखान्यात आणून दिलं होतं आणि वडिलांनी नवी किल्ली करून दिली होती. किल्ली चालत होतीही उत्तम. पण शुक्रवारी कपाट उघडताना खिडकीतलं ऊन तिरपं त्या किल्लीवर पडलं आणि मास्तरणीला दात्यांवरच्या रेघा दिसल्या. दोन दिवस तिला त्याशिवाय दुसरं काही सुचलं नव्हतं.

या घरातल्या पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी कानशीच्या रेघा वाचता येतात. मोठे उजव्या हाताचे, धाकटे डावखुरे. दात्यांवर शेवटची कानस फिरली की पितळेवर बारीक रेघा उठतात. मोठ्यांच्या रेघा किल्लीच्या मुठीकडे झुकतात, धाकट्यांच्या टोकाकडे. किल्ली कापावी कुणीही, पण डोळे मिटून, बोटाच्या टोकाने दाते चाचपून, कुठे खरखर राहिली ती शोधून शेवटची कानस मारायची ती कारखान्याच्या कर्त्यानेच. याला घरात ‘शेवटचा हात’ म्हणतात. थोरल्यांनी, या दोघा भावांच्या वडिलांनी, तो ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत सोडला नव्हता. मग एका दुपारी त्यांनी कानस मोठ्यांसमोर ठेवली आणि काही न बोलता ते वर झोपायला गेले. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एकूण एक किल्लीवर मुठीकडे झुकलेल्या रेघा होत्या.

टेबलावरच्या किल्लीच्या रेघा टोकाकडे झुकलेल्या होत्या.

“काका,” शेवटी मास्तरणीनेच तोंड उघडलं, “हा शेवटचा हात कुणाचा?”

धाकट्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “कपाट उघडतंय ना?”

“उघडतंय.”

“मग झालं तर.”

पण ते झालं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. मास्तरणीने पिशवीतून वही काढून किल्लीशेजारी ठेवली. आता या वहीबद्दल सांगायला हवं, आणि वहीबद्दल सांगायचं तर आजाराबद्दलही.

आजार तसा तरुणांचा. अंडकोशात सुरू होऊन पोटात, पाठीच्या कण्यालगतच्या गाठीपर्यंत पोहोचलेला कॅन्सर. बहुतेकांना तो विशी-तिशीत होतो, चौसष्टाव्या वर्षी क्वचितच. वॉर्डात मोठ्यांच्या आजूबाजूच्या खाटांवर पोरं, आणि त्यांच्या उशाशी त्यांच्या आया. मोठ्यांच्या उशाशी त्यांची मुलगी. ऑपरेशन कशाचं झालं हे घरात कुणी नीट उच्चारलं नाही. शेजाऱ्यांना ‘पोटाचं’ असं सांगितलं गेलं आणि पुढे घरातही ते पोटाचंच होऊन बसलं. एकट्या डॉक्टरबाई प्रत्येक गोष्टीला तिच्या नावाने हाक मारत. तरुणांना तीन औषधं एकत्र देतात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. त्यांतलं एक फुप्फुसांना इजा करतं आणि वय झालेल्यांना जास्तच करतं, म्हणून मोठ्यांना ते वगळून उरलेल्या दोन औषधांच्या तीनऐवजी चार फेऱ्या द्यायच्या होत्या.

“गाठ विरघळायला वय आड येत नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “औषध सोसायला येतं. म्हणून बोटांना मुंग्या, कानात आवाज, ताप, लघवी कमी, जे काही होईल ते मला त्याच दिवशी कळलं पाहिजे.”

मास्तरणीने त्याच संध्याकाळी वही आखली. रोज सात वाजता ती वडिलांना विचारी आणि लिही. ताप दुसऱ्या फेरीनंतर खरंच आला, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले आणि तिसरी फेरी आठवडाभर पुढे ढकलली गेली. ते सगळं वहीत तारीखवार होतं. बोटं आणि कान या दोन रकान्यांत मात्र दहा आठवडे एकच शब्द होता. ठीक. तिसऱ्या फेरीनंतर स्कॅन झाला, लिंबाएवढी गाठ वाटाण्याएवढी उरली होती, डॉक्टरबाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, छान, चौथी पूर्ण मात्रेत देऊ.

“माझ्या वहीत बोटं ठीक आहेत,” मास्तरीण म्हणाली. “मग बाबांचा हात तुम्हाला का मारावा लागला?”

धाकट्यांना खोटं बोलता येत नाही असं नाही. गेले पाच आठवडे ते रोज बोलत होते, फक्त तोंडाने नाही. मोठ्यांनी किल्ली पुरी करून खुंटीला लावली की ते ‘वा दादा’ म्हटल्यासारखी मान डोलावत. मग पहाटे सहाला, मोठे उठायच्या आत, ती खुंटीवरून काढून पुन्हा हातात घेत. कुठे एखादा दाता खरखरीत राहिलेला असे, तो घासला की काम भागे. कुठे खरखर नाहीच असं वाटून मोठ्यांनी घासत घासत दाताच खाऊन टाकलेला असे. मग कोरी किल्ली घेऊन पहिल्यापासून सुरुवात. भावाला सांगावं असं त्यांना रोज वाटे आणि रोज ते उद्यावर जाई. असंच चालू राहिलं असतं. पण टेबलावर त्यांच्या हाताची किल्ली पडली होती आणि समोर बसलेली पुतणी त्यांनीच कारखान्यात मांडीवर बसवून रेघा वाचायला शिकवलेली होती. आपल्याच शिकवणीत ते सापडले होते.

“माझाच,” ते म्हणाले. धाकट्यांचा आवाज मुळात जाड, कितीही हळू बोलले तरी घर भरून जातो. “दादाच्या बोटांना लागत नाही आता. दाता लागत नाही, खरखर लागत नाही. मी मागनं निस्तरतो.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“नाही सांगितलं.”

साहेब मध्ये पडला. काकांनी बाबांची लाज राखली, त्यात एवढं काय, असं त्याचं म्हणणं. पण काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. कुणी आपली बाजू घ्यावी असं त्यांना वाटत नव्हतं, कारण बाजू कशी होती ते त्यांना ठाऊक होतं.

“लाज राखली हे खरं, पण सगळं खरं नाही. पहिल्या किल्लीच्या वेळी मला रडू आलं. चौथ्या-पाचव्या किल्लीपासून येईना. एकोणीस वर्षं मी दादाच्या डाव्या अंगाला बसून त्याचा शेवटचा हात बघत आलोय. पहाटे एकटा बसून तो मारताना मला बरं वाटायला लागलं. आणि मग मनात यायला लागलं की मी गप्प बसतोय ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी. मी सांगितलं असतं तर डॉक्टरांनी औषध कमी केलं असतं, त्याची बोटं वाचली असती, आणि मग...” त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. “तर हे असं आहे.”

मास्तरणीला खरं तर काकांचा राग यायला हवा होता. तिने तो दोन दिवस जपूनही ठेवला होता, पण तो आता जागेवर सापडेना. एवढं खरं या टेबलावर फार वर्षांत कुणी बोललं नव्हतं. वहिनी उठल्या, त्यांनी धाकट्यांसमोरची रिकामी कपबशी उचलली आणि जाता जाता त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि साहेब त्यांच्या मागे.

वहिनींना वाटलं, पोराला भूक लागली असेल. साहेब लहानपणापासून काही कबूल करायचं असलं की स्वयंपाकघरात येतो आणि डबे उघडून बघतो. त्याने दोन डबे उघडले, तिसऱ्याला हात घातला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

“बोल,” त्या म्हणाल्या.

तो बोलला. बाबांनी त्याला महिन्यापूर्वीच फोनवर सांगितलं होतं की बोटं बधिर पडताहेत आणि कानात सतत सूं आवाज येतो. त्याने इकडेतिकडे पुष्कळ वाचलं. म्हाताऱ्या माणसांची औषधाची मात्रा लवकर कमी करतात, फेऱ्या पुढे ढकलतात, आणि अशांचा निकाल पुढे तेवढा चांगला लागत नाही, असं कुठेतरी होतं. त्याने तेवढंच धरलं. बाबांना म्हणाला, शेवटच्या फेरीपर्यंत कळ काढा, बारीकसारीक कुरबुरी ताईला सांगू नका, ती लगेच लिहून ठेवते. बाबांनी मुकाट्याने ऐकलं. बाबांनी आपलं ऐकलं याचा त्याला तेव्हा अभिमानसुद्धा वाटला होता.

मास्तरीण दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे वही माझी आणि मजकूर तुझा,” ती म्हणाली.

“ताई, मला बाबा हवे आहेत. बोटं नसली तरी चालतील.”

“तुला चालतील. त्यांना चालतील का, हे कुणी विचारलं?”

वहिनींनी गॅस बंद केला. दोन्ही मुलं भांडायला लागली की त्या नेहमी गॅस बंद करतात. एका वेळी एकच गोष्ट उतू जाऊ द्यायची असा त्यांचा हिशेब. पण आज त्यांचा राग मुलांवर नव्हताच. गेले तीन आठवडे त्या रोज सकाळी नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावून देत होत्या. ‘तुझ्या हाताला सवय आहे’ असं तो म्हणे आणि त्या हसून लावत. किटलीची शिट्टी कानाशी वाजत असली तरी तो तसाच पेपर वाचत बसे. त्यांना दिसत होतं. कमजोरी असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं, कारण दुसरं काही असेल तर ते वहीत जाईल आणि वहीतलं डॉक्टरांकडे जाईल याची त्यांनाही भीती वाटत होती.

“मलाही माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

मास्तरणीने आईकडे बघितलं. “आई, तू तरी.”

“तू रोज सात वाजता यायचीस आणि त्यांना विचारायचीस. मला एकदाही विचारलं नाहीस.”

हे अगदी खरं होतं. मास्तरीण स्टुलावर बसली. घरातल्या प्रत्येकाकडे या गोष्टीचा एकेक तुकडा होता आणि प्रत्येकजण आपापला तुकडा मुठीत घट्ट धरून गेले काही आठवडे दुसऱ्याशी हसून बोलत होता. ती स्वतःही रोज ‘ठीक’ लिहिताना वडिलांच्या हाताकडे न बघता वहीकडे बघत होती. लिहिण्याच्या नादात बघायचं राहून गेलं. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं आणि थोडं रडू आलं. साहेबाने तिला पाणी दिलं. तो तिथेच तिच्याजवळ जमिनीवर बसला, आणि भांडण तिथे थांबलं.

मग तिने डॉक्टरबाईंना फोन लावला. रविवार होता, पण ‘मनात काही आलं तर करा’ म्हणून त्यांनीच नंबर दिला होता. चौघेजण टेबलाभोवती फोन मध्ये ठेवून बसले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. हे त्यांना नवीन नसावं. त्यांनी सरळ प्रश्न विचारायला सुरुवात केली. बधिरपणा कधीपासून? कुठल्या बोटापासून? दोन्ही हातांना की एकाच? वाढतोय की थांबलाय? बटणं लावता येतात का, हा प्रश्न आला तेव्हा वहिनींनी मान खाली घालून उत्तर दिलं. बाकीच्या प्रश्नांना सगळ्यांनी अंदाजानेच उत्तरं दिली.

उद्या आठ वाजता या, त्या म्हणाल्या. सलाइन लगेच लावणार नाही, आधी कानांची आणि हातापायांची तपासणी. चौथी फेरी पूर्ण देता येईल, एका औषधाची मात्रा कमी करून देता येईल, किंवा ते बदलता येईल. तीन फेऱ्यांवर थांबायला मात्र त्यांचं मन घेत नव्हतं. थांबलं तर धोका किती वाढतो, हे या वयाची माणसं इतकी कमी सापडतात की छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. दुसरीकडे, बोटांचा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो, मग हळूहळू ओसरतो, कुणाचा बराचसा, कुणाचा थोडाच. कानांचं गेलेलं बहुधा परत येत नाही. हे सगळं मोजून ठरवायचं, आणि मोजायला त्यांना खऱ्या तारखा हव्यात.

“आणि ठरवताना ते स्वतः हवेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यांना हाताचं काय करायचं असतं, ते मला माहीत नाही. त्यांना माहीत आहे.”

फोन बंद झाला आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

मोठे दारात उभे होते. अंगात बनियन, डोक्यावर लोकरीची टोपी, कारण केस गेल्यापासून त्यांच्या डोक्याला पंख्याचा वारा सोसत नाही. तीन महिन्यांत त्यांचं वजन बारा किलोंनी उतरलं होतं, पण चालण्यात अजून मालकाची ऐट होती. भिंतीला बोटं लावत ते आले. पाय कुठे पडतो हे आता त्यांना तळव्यांवरून नीट कळत नव्हतं, पण तेही वहीत नव्हतं. ते आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि भावाकडे बघितलं.

“तुझं एकट्याचंच ऐकू आलं,” ते म्हणाले. “हिचा आवाज भिंतीतून येत नाही आता. बायकांचा, पोरांचा, पाखरांचा, बारीक आवाज सगळा गेला. तुझा जाडा तेवढा पोचतो.”

धाकट्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तोंड उघडलं, पण मोठ्यांनी टेबलावरची किल्ली उचलून उजेडात धरली.

“बोटं गेली, डोळे शाबूत आहेत. पाच आठवडे खुंटीवर टोकाकडच्या रेघा लटकताहेत, मला दिसत नसतील? रोज सकाळी बघत होतो मी. तू काही बोलशील याची वाट बघत होतो. मग वाटलं, हा बोलला तर मला कबूल करावं लागेल. तेव्हा हा बोलत नाही तेच बरं.”

“दादा, मला...”

“तुला बरं वाटलं. ऐकलं मी. मलापण वाटलं होतं, बाबांनी कानस ठेवली त्या दिवशी. बाबा वर झोपायला गेले आणि मी खाली बसून हसत होतो. त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात आला तो आत्ता, या महिन्यात.”

ते थांबले. वहिनींनी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, एका हातावर त्यांचा भरवसा नव्हता.

“मला मरायची भीती वाटत नव्हती असं नाही,” मोठे म्हणाले. “ह्याने फोनवर सांगितलं ते मी ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. पण खरी भीती ती नव्हती. बोटांचं वहीत लिहिलं की ते खरं होणार. आणि मग खाली मी कशाला बसायचं? शेवटचा हात सोडला की मी कोण, हे मला अजून माहीत नाही.”

हे ऐकून सगळ्यांना वाईट वाटलं, आणि ‘असं काय म्हणता, तुम्ही आमचे अमुक आणि तमुक’ असलं काहीतरी कुणी बोलेल की काय अशी साहेबाला भीती वाटली. कुणी बोललं नाही. या घराची गप्प बसण्याची सवय एवढ्यापुरती कामाला आली.

मास्तरणीने वही पुढे ओढली आणि वडिलांना ऐकू जावं म्हणून आवाज जाड करून, अगदी शब्द तोडून विचारलं, “बाबा, उद्या काय करायचं?”

“चौथी घ्यायची,” मोठे म्हणाले. “वाटाण्याएवढी उरलीय म्हणून अर्ध्यात सोडायचं काम मी कधी केलेलं नाही. पूर्ण द्यायची की कमी करून, ते बाईंनी ठरवावं. फक्त खरं बघून ठरवू दे. त्या बिचाऱ्या आत्तापर्यंत तुझ्या काकाच्या बोटांना औषध देत होत्या.”

पहिल्यांदा साहेब हसला, मग वहिनी. धाकटे हसले नाहीत. ते उठून खाली गेले आणि पत्र्याचा एक चपटा डबा घेऊन वर आले.

थोरल्यांनी घालून दिलेला एक नियम कारखान्यात अजून पाळला जातो. बिघडलेली किल्ली म्हणून फेकायची नाही, कारण बिघडली तरी ती कुणाच्या तरी दाराची असते. तिचे दोन तुकडे करायचे, कुणाची आणि कधीची ते लिहून चिठ्ठी बांधायची, आणि ते कुलूप वर्षभर बिनतक्रार चाललं की मगच तुकडे वितळवायचे. धाकट्यांनी पहाटे चोरून काम केलं, पण नियम मोडून केलं नव्हतं. डब्यात अकरा किल्ल्यांचे बावीस तुकडे होते. जिथे नवी किल्ली करावी लागली नाही, नुसतं घासून भागलं, त्यांच्याही चिठ्ठ्या होत्या. त्यांनी सगळं टेबलावर तारखेप्रमाणे मांडलं.

“डॉक्टर विचारत होत्या ना, कधीपासून,” ते म्हणाले. “हे बघ.”

मोठे आपले बिघाड ओळीने बघत गेले. माणसाला आपलं अक्षर ओळखता येतं तसं त्यांना ते ओळखता आलं. हा औषधांच्या दुकानाच्या शटरचा, इथे नुसता तिसरा दाता राहिला, तिसरा दाता मी तर्जनीने बघतो, म्हणजे तेव्हा फक्त उजवी तर्जनी गेली होती. हा वाचनालयाचा, इथे मधलं बोटही गेलं. हा तिसऱ्या फेरीनंतरचा, इथे अंगठा, म्हणून पकडच सुटली. ते बोलत होते आणि मास्तरीण जुन्या तारखांवर जाऊन एकेका ‘ठीक’वर रेघ मारून शेजारी लिहीत होती. साहेबाने चिठ्ठ्या वाचून दाखवायचं काम घेतलं. वहिनींनी बटणांची तारीख सांगितली, मग शिट्टीची. तासाभरात दोन्ही रकाने भरून गेले. एवढी नेमकी नोंद डॉक्टरबाईंच्या हाती कुणा रोग्याची क्वचितच पडली असेल.

शेवटच्या चिठ्ठीनंतर मोठ्यांनी पुन्हा ओळीच्या सुरुवातीकडे बघितलं.

“पहिली बिघडलेली औषधवाल्याची,” ते म्हणाले. “मग त्याच्या आधीची कुठली? शेवटची माझी कुठली?”

सगळ्यांनी धाकट्यांकडे बघितलं. त्यांना आठवावं लागलं नाही.

“वहिनींच्या कपाटाची. सहा आठवडे झाले. मी तिला हात लावलेला नाही.”

वहिनींनी कमरेचा जुडगा सोडवून ती किल्ली काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटले आणि उजव्या तर्जनीचं टोक दात्यांवरून फिरवलं, एकदा, मग पुन्हा. मग अंगठ्याने फिरवून बघितलं. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली.

“काही नाही,” ते म्हणाले. “लाकूड लागावं तसं लागतं.”

त्यांनी किल्ली खाली ठेवली नाही. डोळे मिटलेलेच ठेवून ती त्यांनी वर नेली आणि आपल्या खालच्या ओठावरून हळूच ओढली. पहिला दाता, दुसरा, तिसरा. चौथ्यावर ते थांबले, थोडे मागे आले, पुन्हा पुढे गेले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या. असे ते किल्ली करताना दिसतात हे या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण गेल्या सहा आठवड्यांत कुणी बघितलं नव्हतं.

“चौथ्याला थोडी खरखर राहिलीय,” ते म्हणाले. “तेव्हाच सुरू झालं होतं म्हणायचं.” त्यांनी डोळे उघडले आणि किल्ली वहिनींना न देता धाकट्यांच्या डाव्या हातात दिली. “शेवटचा हात मार. मी तपासून देतो.”

धाकटे लगेच उठले. ते किल्ली घेऊन जिना उतरले, आणि थोड्या वेळाने खालून कानशीचा बारीक आवाज येऊ लागला. मोठ्यांना तो ऐकू येत नव्हता. ते मुलीकडे बघत होते, कारण तिने अजून वही मिटली नव्हती.

“लिही,” ते म्हणाले. “ओठ, ठीक.”